क्रीडा-मोटारींच्या इंजिनातील बेअरिंग : तपासणी आणि सुधारणा

फिरणाऱ्या प्रत्येक दंडाला कोठेतरी टेकावे लागते. तो जेथे टेकतो तेथे घर्षण होते, घर्षणातून उष्णता निर्माण होते आणि उष्णतेमागोमाग झीज येते. ही झीज आटोक्यात ठेवण्याकरिता दंड व त्याचा आधार यांच्या दरम्यान जो भाग बसविलेला असतो त्यास बेअरिंग म्हणतात. बैलगाडीच्या तुंब्यात वंगण घालणाऱ्या शेतकऱ्यास हे तत्त्व निराळे शिकवावयास नको. विहिरीवरील पंपाची मोटार खरखरू लागली की तिचे बेअरिंग गेले, हे आता लहान मुलेही ओळखतात. तथापि लाखो रुपये किमतीच्या, जगप्रसिद्ध कारखान्यात तयार झालेल्या मोटारीचे संपूर्ण इंजिन अशाच एका तळहाताएवढ्या बेअरिंगपायी निकामी होऊ शकते, हे अनेकांना ठाऊक नसेल. त्या बेअरिंगची हकीकत तांत्रिक विद्यालयांतील शिक्षकांना, तसेच ज्यांच्या घरी ट्रॅक्टर वा डिझेल इंजिन आहे अशा वाचकांना उपयोगी पडावी, म्हणून प्रस्तुत लेखात ती दिली आहे.

बेअरिंगचे ढोबळमानाने दोन प्रकार होत. पहिला छर्ऱ्यांचा. दोन पोलादी कड्यांच्या मध्ये पोलादी छर्रे बसविलेले असतात व दंड फिरताना ते घरंगळतात. घरंगळण्यातील घर्षण अल्प असल्यामुळे या प्रकाराला वंगण थोडेच पुरते. म्हणून आत ग्रीस भरून दोन्ही बाजूंस रबरी सील लावून टाकले की पुष्कळ वर्षे त्याकडे पाहावे लागत नाही. छतावरचा पंखा आणि पाण्याची मोटार यांत हेच असते. दुसरा प्रकार बुश-पद्धतीच्या साध्या बेअरिंगचा. यात फिरणारा भाग नसतो. दंडाभोवती मऊ धातूचा लेप दिलेल्या दोन अर्धगोल वाट्या असतात आणि दंड व वाटी यांच्या मधील फटीत पंपाच्या दाबाने ऑइल सोडलेले असते. दंड वेगाने फिरू लागला की तो त्या ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगतो, आणि धातूला धातू लागत नाही. मोटारीच्या इंजिनातील मुख्य दंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, बहुधा अशाच बेअरिंगवर फिरतो. पहिल्या प्रकाराला बंदिस्तपणा मानवतो, तर दुसऱ्याला अखंड व स्वच्छ ऑइल लागते. एकाच्या जागी दुसऱ्याची योजना केली असता काय घडते, हे पुढील उदाहरणावरून दिसून येईल.

जर्मनीतील पोर्श कंपनीची ९११ ही मोटार १९६३ साली प्रथम लोकांसमोर आली. तिचे सहा सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे मूळ इंजिन हान्स मेट्सगर या अभियंत्याच्या नावाशी निगडित आहे. या इंजिनात क्रँकशाफ्टखाली एक मधला दंड असे. क्रँकशाफ्टची गती घेऊन ती साखळ्यांच्या द्वारे झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे पोहोचविणे हे त्याचे काम. तो दाबाखालील ऑइल मिळणाऱ्या साध्या बेअरिंगवर फिरे, आणि त्यामुळे त्याच्याविषयी कोणाला फारसे बोलावे लागले नाही.

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी कंपनी आर्थिक अडचणीत सापडली. जपानी सल्लागारांना पाचारण करून उत्पादनाची घडी नव्याने बसविण्यात आली. १९९६ साली बॉक्स्टर आणि पुढील वर्षी नवीन ९११ अशा दोन मोटारी, पुष्कळ भाग समान ठेवून, बाजारात आल्या. त्यांचे इंजिन पाण्याने थंड होणारे होते. मधला दंड याही इंजिनात ठेवण्यात आला. परंतु त्याच्या एका टोकाला साधे बेअरिंग व फ्लायव्हीलकडील टोकाला ग्रीस भरलेले, दोन्ही बाजूंनी बंद असे छर्ऱ्यांचे बेअरिंग बसविण्यात आले. प्रारंभीच्या गाड्यांत या बेअरिंगमध्ये छर्ऱ्यांच्या दोन रांगा होत्या. सुमारे २००० सालापासून हळूहळू एकेरी रांगेचे बेअरिंग आले. मापाने ते ६२०४ या सर्वपरिचित जातीचे, म्हणजे आतून २० व बाहेरून ४७ मिलिमीटर व्यासाचे. मोटार भरून देणाऱ्या कोणत्याही दुकानातील फळीवर या क्रमांकाची डबी दिसते. २००६ च्या सुमारास त्याहून मोठे, ६३०५ मापाचे बेअरिंग घालण्यात आले.

आता दोष कोठे उद्भवला ते पाहू. बंद बेअरिंग पंख्यात निर्धास्त राहते, कारण पंख्यात ऑइल नसते. इंजिनात मात्र ते अहोरात्र ऑइलच्या सान्निध्यात असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सीलचे रबर कडक होते. मग ऑइल किंचित किंचित आत शिरते व कारखान्यात भरलेले ग्रीस धुऊन काढते. शिरलेले ऑइल मात्र सहजी बाहेर पडत नाही. इंजिनातील आठ लिटरांहून अधिक ऑइल मालक नेमाने बदलतो, पण बेअरिंगच्या पोटात व त्यामागील पोकळ दंडात अडकलेले जुने ऑइल, त्यात मिसळलेले पेट्रोल आणि बाष्प यांच्यासह, तसेच राहते. म्हणजे ग्रीसही गेले आणि ताजे ऑइलही पोहोचत नाही. छर्ऱ्यांच्या पृष्ठभागावर प्रथम बारीक खड्डे पडतात, नंतर पोलादाच्या चकत्या सुटू लागतात, दंड डळमळतो, आणि बेअरिंगला मध्यभागी धरून ठेवणारा बोल्ट त्या हिसक्यांनी तुटतो. बोल्ट तुटला की साखळीचा ताण बिघडतो, झडपांची वेळ चुकते व उघड्या झडपांवर दट्टे आदळतात. हे सारे काही क्षणांत घडते. त्यानंतर दुरुस्तीचा प्रश्न उरत नाही, नवे इंजिन घ्यावे लागते. जुन्या बॉक्स्टरच्या बाबतीत ते पुष्कळदा संपूर्ण गाडीच्या किमतीहून महाग पडते.

ज्या भागाकडे कधीच पाहावे लागू नये म्हणून तो बंद केला, त्याच भागाकडे पाहण्याची सोय राहिली नाही, असे या योजनेविषयी म्हणावे लागेल. तरीही न्यायाने सांगावयाचे तर प्रत्येक गाडीत हे घडत नाही. अमेरिकेत मालकांनी एकत्र येऊन २००१ ते २००५ या काळातील गाड्यांबाबत दावा दाखल केला होता. त्यात २०१३ साली तडजोड झाली आणि गाडीचे वय व झालेला प्रवास पाहून नुकसानीची भरपाई देण्याचे ठरले. या दाव्याच्या निमित्ताने पुढे आलेला व तेव्हापासून सर्वत्र सांगितला जाणारा आकडा असा, की दुहेरी रांगेच्या बेअरिंगमध्ये बिघाडाचे प्रमाण शेकडा एकाहून कमी आणि एकेरीत शेकडा आठच्या आसपास. शंभरांतील आठ ही संख्या कागदावर लहान दिसते. परंतु त्या आठांत आपण असलो तर नुकसान शेकडा आठ नसून संपूर्ण असते. विमा उतरविताना माणूस जो विचार करतो तोच येथे करावयाचा आहे. त्याच काळातील ९११ टर्बो आणि जी.टी.३ या मोटारींत मात्र मेट्सगरच्या परंपरेतील इंजिन होते. त्यांचा मधला दंड दाबाच्या ऑइलवर फिरत असल्यामुळे हा विकार त्यांना जडला नाही.

तपासणीकडे वळू. आवाजावरून निदान करण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण या बेअरिंगचा आवाज स्पष्ट ऐकू येईपर्यंत वेळ बहुधा निघून गेलेली असते. खरी बातमी देते ते ऑइल. ऑइल बदलताना जुने फिल्टर टाकून न देता त्याच्या कागदाच्या घड्या एकेक करून उलगडाव्यात व उन्हात धरून पाहाव्यात. पोलादाची चकचकीत कुसळे आढळली आणि ती चुंबकाला चिकटली, तर छर्रे किंवा कडी सुटू लागली आहेत असा संशय घ्यावा. चुंबकाला न चिकटणारी पांढुरकी चमक ॲल्युमिनियमची असते व तिचे उगमस्थान निराळे असू शकते. काळे, रबरासारखे तुकडे सीलचे असण्याचा संभव असतो. तपकिरी प्लास्टिकचे कण मात्र साखळीच्या मार्गदर्शक पट्ट्यांचे असतात. यानंतर इंजिनाच्या तळाचे चेंबर उघडून गाळ पाहावा. संगणकावर कॅमशाफ्टच्या वेळेतील फरकाचे आकडे वाचता येतात. तो फरक वाढत अथवा हेलकावत असेल तर साखळीच्या मार्गात काहीतरी हलले आहे असे समजावे. प्रयोगशाळेत ऑइलचा नमुना पाठवून त्यातील लोह, तांबे इत्यादींचे प्रमाणही काढून घेता येते. एका अहवालापेक्षा ओळीने तीन-चार अहवाल अधिक बोलतात, कारण महत्त्व आकड्याला नसून त्याच्या चढाला असते.

विज्ञान-शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल. त्यासाठी पोर्श गाडीची मुळीच आवश्यकता नाही. गावातील गॅरेजमधून ट्रॅक्टरचे टाकाऊ फिल्टर आणावे. ते पत्र्याच्या डब्यात बंद असते. डबा लोखंडी करवतीने मात्र कापू नये, कारण करवतीचाच कीस आत पडतो आणि इंजिन बिघडल्याचा खोटा पुरावा तयार होतो. डबा उघडण्याचे चाकाचे हत्यार वापरावे. कागद बाहेर काढून निथळू द्यावा, घड्या पांढऱ्या थाळीवर पसराव्यात व चुंबक पातळ कागदात गुंडाळून त्यांवरून फिरवावा. जुने ऑइल त्वचेला अपायकारक असल्याने हातमोजे आवश्यक आहेत. सुस्थितीतील इंजिनाच्या फिल्टरमध्येही थोडी काळी बुकटी चुंबकाला लागतेच. बोटाला टोचेल असा तुकडा मिळाला तर ट्रॅक्टरच्या मालकाला निरोप धाडावा.

बेअरिंग बदलण्याचे काम सोपे नाही. गिअरपेटी, क्लच आणि फ्लायव्हील उतरविल्याखेरीज तेथपर्यंत हात पोहोचत नाही. त्यानंतर क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट विशिष्ट स्थितीत खिळवून ठेवावे लागतात, साखळ्यांचे ताण सैल करावे लागतात आणि मगच झाकण काढून विशेष ओढणीने बेअरिंग बाहेर घेता येते. खिळविण्यात हयगय झाली तर साखळी दात सोडते, आणि ज्या आपत्तीतून इंजिन वाचवावयाचे तीच मिस्त्रीच्या हातून ओढवते. म्हणून क्लच बदलण्याची वेळ येते तेव्हाच बेअरिंगही बदलून घ्यावे असा जाणकारांचा सल्ला आहे. उतरविण्याची मजुरी एकदाच पडते, आणि क्लचसाठी उघडलेल्या गाडीत जुने बेअरिंग तसेच ठेवून गिअरपेटी परत चढविणे ही काटकसर नव्हे. मोठ्या बेअरिंगच्या, म्हणजे सुमारे २००६ ते २००८ च्या गाड्यांत मात्र अडचण आहे. बेअरिंगचा व्यास ते बाहेर येण्याच्या भोकाहून मोठा असल्यामुळे संपूर्ण इंजिन दुभागल्याशिवाय ते निघत नाही. तेथे पुष्कळ कारागीर क्लचच्या कामाच्या वेळी बेअरिंगचे बाहेरील सील काढून टाकतात, जेणेकरून इंजिनातील ताजे ऑइल आत-बाहेर करू शकेल. हा उपाय अल्पखर्ची आहे. बेअरिंग मोठे असल्याने त्याचा बिघाडही विरळा आहे.

एक सूचना येथे आग्रहाने करावीशी वाटते. फिल्टरमध्ये पोलादाचे कण आढळू लागल्यानंतर केवळ नवे बेअरिंग बसवून समाधान मानू नये. सुटलेले पोलाद तोपर्यंत ऑइलबरोबर सर्व इंजिनात फिरून आलेले असते. अशा वेळी संपूर्ण इंजिन उघडून स्वच्छ करावयाचे, किंवा निदान वारंवार ऑइल बदलून कण थांबले आहेत याची खात्री करावयाची. बेअरिंगची सुधारणा हा निरोगी इंजिनाचा उपचार आहे.

सुधारित बेअरिंगचे दोन पंथ आहेत. अमेरिकेतील एल.एन. इंजिनिअरिंग या कंपनीने दोहोंचाही प्रसार केला. पहिल्यात कडी पोलादाचीच, पण छर्रे सिलिकॉन नायट्राइड या चिनीमातीच्या जातीच्या कठीण पदार्थाचे असतात. ते हलके असून अपुऱ्या वंगणातही पोलादाइतके लवकर खरवडत नाहीत. बेअरिंगची इंजिनाकडील बाजू उघडी ठेवलेली असते आणि मधला बोल्ट अधिक मजबूत असतो. हा भागही ठरावीक मुदतीने बदलावयाचा आहे. कायमचा म्हणून जो विकत घेतो त्याची फसगत होते. दुसऱ्या पंथाने छर्रेच काढून टाकले. त्यांच्या जागी साधे बेअरिंग घालून फिल्टरमधून गाळलेले ऑइल बाहेरून नळीवाटे दाबाने त्याला पुरविले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दुसरा मार्ग अधिक सयुक्तिक होय, कारण त्यात मूळ प्रश्नाला, म्हणजे वंगण न पोहोचण्याला, हात घातला आहे. तो महाग आहे व पूर्णतः स्वच्छ इंजिनाखेरीज बसवू नये, हेही तितकेच खरे. कारखान्याने स्वतः घेतलेला निर्णय तर याहून निर्णायक ठरला. २००९ च्या नमुन्यापासून आलेल्या नव्या इंजिनात हा मधला दंडच ठेवलेला नाही.

साध्या बेअरिंगची एवढी बाजू घेतल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बी.एम.डब्ल्यू. कंपनीच्या एम-३ या मोटारीत दट्ट्यांना क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग साधे, दाबाच्या ऑइलचेच आहे. तरीही २००१ ते २००३ च्या दरम्यानच्या बऱ्याच गाड्यांत ते लवकर झिजले व कंपनीला ते स्वतः बदलून द्यावे लागले. २००७ ते २०१३ च्या आठ सिलिंडरांच्या इंजिनातही ही तक्रार उद्भवली. हे इंजिन मिनिटाला आठ हजारांहून अधिक फेऱ्या घेते. कारणाविषयी जाणकारांचे एकमत नाही. पुष्कळांचा रोख दंड व वाटी यांमधील फटीकडे आहे. सर्वसाधारण ठोकताळा असा, की फट दंडाच्या व्यासाच्या सहस्रांश असावी. येथे व्यास ५२ मिलिमीटर असल्याने फट सुमारे ०.०५ मिलिमीटर, म्हणजे बारीक केसाएवढी, हवी. प्रत्यक्ष मोजणाऱ्यांना ती त्याहून कमी आढळली, आणि या इंजिनात वापरावयाचे ऑइल तर अतिशय दाट. थंड इंजिन सुरू करताच वेग वाढविला तर एवढ्या अरुंद फटीत ते दाट ऑइल वेळेवर पोहोचत नाही, असा हा तर्क आहे.

या इंजिनाची परीक्षा ऑइलमधील शिसे व तांबे यांवरून करतात, कारण वाट्यांचा लेप त्याच धातूंचा असतो. नंतरच्या गाड्यांत शिशाविना वाट्या आल्यामुळे ही खूण पुसट झाली आहे. शंका राहिल्यास चेंबर उतरवून एकेका कनेक्टिंग रॉडची टोपी उघडावी आणि वाटी डोळ्यांनी पाहावी. करड्या लेपातून तांबूस रंग डोकावत असेल तर निवाडा झाला. स्फोटाचा भार वरच्या वाटीवर येत असल्याने ती अधिक झिजते. म्हणून खालची वाटी पाहून निश्चिंत होऊ नये. टोप्यांची अदलाबदल करावयाची नाही. जुने बोल्ट पुन्हा वापरावयाचे नाहीत, कारण ते एकदाच ताणण्यासाठी केलेले असतात. सुधारणेचा मार्ग म्हणजे किंचित अधिक फट देणाऱ्या वाट्या बसविणे आणि ऑइल तापेपर्यंत इंजिनाला दामटू नये हा चालविणाऱ्याचा संयम.

दोन्ही उदाहरणांत ऑइल बदलण्याच्या अंतराचा प्रश्न येतो. कारखान्याच्या पुस्तिकेत त्या पोर्श गाड्यांसाठी २४,००० किलोमीटर व त्याहूनही लांब मुदत दिलेली होती. दुरुस्ती करणारे जाणकार ८,००० किलोमीटर, आणि तितके अंतर न झाल्यास निदान वर्षातून एकदा, असे सांगतात. झाकून ठेवलेली, रविवारी तेवढी बाहेर पडणारी गाडी सुरक्षित असते अशी समजूत आहे. त्या गाडीच्या ऑइलमधील बाष्प व पेट्रोल जळून जाण्याइतके इंजिन कधी तापतच नाही. रोज कामावर नेली जाणारी गाडी या बाबतीत अधिक सुदैवी असते, हा अनुभव दुरुस्तीच्या कारखान्यांतून वारंवार सांगितला जातो.

या गाड्या आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या असून तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे फिरत आहेत. किंमत पुष्कळ उतरल्यामुळे मध्यम प्राप्तीचा हौशी माणूसही परदेशांत त्या घेऊ शकतो, आणि बेअरिंगचा धोकाही त्याच्याच वाट्याला येतो. खरेदीपूर्वी त्याने तीन गोष्टी मागून घ्याव्यात : बेअरिंग बदलल्याची दिनांक व किलोमीटरसहित पावती, अलीकडच्या ऑइल-तपासणीचे अहवाल, आणि स्वतःच्या समक्ष फिल्टर उघडून पाहण्याची मुभा. इंजिन पूर्वी कधी बदलले असेल तर गाडीच्या सालावरून बेअरिंगचा प्रकार सांगता येत नाही. गिअरपेटी व फ्लायव्हील उतरविल्यावर झाकणाच्या मध्यभागी जो नट दिसतो तो २२ मिलिमीटरचा निघाल्यास आत मोठे, न निघणारे बेअरिंग आहे असे समजून कारागिराने हत्यार खाली ठेवावे आणि मालकाला बोलावून घ्यावे.